क्रॉप कव्हर माडा-पामांवर: थंडीत कुठे चालतं, कुठे फसतं

कृषी सेवा केंद्रात कलिंगडवाल्यांसाठी जो पांढरा, पातळ, हाताला कागदासारखा लागणारा रोल ठेवलेला असतो, तोच हा. कुणी त्याला क्रॉप कव्हर म्हणतं, कुणी नुसतं 'नॉनवोव्हन'. कलिंगडाच्या वेलांवर तो मुख्यतः किडीसाठी अंथरतात. डिसेंबर लागला की तोच रोल माडाची रोपं, पोफळी आणि अंगणातले शोभेचे पाम झाकायला मागितला जातो. दापोलीच्या पठारावर थंडीच्या लाटेत पारा १० अंशांखाली उतरतो, आणि खेड-मंडणगडच्या वलाटीतही, म्हणजे घाटाकडच्या आतल्या पट्ट्यातही, रात्री बोचऱ्या होतात. शिवाय कोकणातून रोपं घेऊन पुणे, नाशिक, महाबळेश्वरकडे लावणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून तर हमखास विचारणा होते, की हे कापड घातलं म्हणजे माड वाचेल का?

कापड चांगलं आहे. पण त्याच्याकडून जे मागितलं जातं ते बहुतेक वेळा त्याच्या आवाक्याबाहेरचं असतं, आणि जे ते खरोखर देऊ शकतं ते चुकीच्या बांधणीमुळे वाया जातं.

आधी ते काम कसं करतं ते पाहू. कापडात स्वतःची ऊब नसते आणि माडाच्या रोपातही नसते. माणसाला गोधडीत ऊब वाटते ती त्याच्या अंगाची. रोपाला मिळणारी ऊब जमिनीची असते. दिवसभर तापलेली माती रात्री ती ऊब आकाशाकडे सोडत राहते. आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी असली की ती झरझर निघून जाते. मळभ असेल तर ढगच झाकणाचं काम करतात, म्हणून ढगाळ रात्री कापड घालायची गरज सहसा पडत नाही. क्रॉप कव्हर या निसटत्या उबेला थोडा वेळ अडवतं, एवढंच त्याचं काम. म्हणून कापड जमिनीपर्यंत पोहोचलं तर ते उपयोगी, आणि रोपाच्या खोडाशी आवळून बांधलं तर शोभेचं.

इथेच तयार बॅगांची तक्रार करायला हवी. ऑनलाइन मिळणारी नाडीवाली 'प्लांट कव्हर बॅग' दिसायला फार सुबक असते. वरून घालायची, खाली नाडी ओढायची, पाच मिनिटांत काम. पण ती नाडी खोडाभोवती आवळली की आतली हवा आणि खालची माती यांचा संबंध तुटतो. पहाटेपर्यंत बॅगेच्या आतलं तापमान बाहेरच्या जवळपास येऊन ठेपतं. कुंडीतल्या लहान पामासाठी, तेही बॅग कुंडीसकट जमिनीपर्यंत ओढून घेतली तर, ती ठीक आहे. जमिनीत लावलेल्या रोपासाठी तिच्यावर पैसे घालू नका. रोलचं कापड मीटरवर घ्या.

रोल घेताना जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. १७ जीएसएमचं कापड साधारण १ ते २ अंश सेल्सिअस वाचवतं आणि ८५ ते ९० टक्के प्रकाश आत सोडतं. ३० जीएसएमचं २ ते ३ अंश वाचवतं. ५० जीएसएमचं ३ ते ४ अंशांपर्यंत जातं, पण जवळजवळ निम्मा प्रकाश अडवतं, म्हणून ते दिवसभर ठेवण्याजोगं नाही. हे आकडे शांत, निरभ्र रात्रीचे आणि नीट बांधलेल्या कापडाचे आहेत. वारा सुटला तर यातलं फारसं काही हाती लागत नाही.

जीएसएमच्या बाबतीत फसवणूक सोपी आहे आणि ती पकडणंही तितकंच सोपं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा नेमका मापून कापा, चार घड्या घाला आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. १७ जीएसएमचा तुकडा १७ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. १२-१३ भरला तर दुकानदाराला तिथल्या तिथे दाखवा. कापड उजेडासमोर धरूनही अंदाज येतो. चांगल्या कापडात तंतू सगळीकडे सारखे पसरलेले असतात आणि दाबून चिकटवलेल्या ठिपक्यांची रांग सलग दिसते. हलक्या मालात मधे मधे विरळ ढगासारखे पट्टे दिसतात. फाटायला सुरुवात तिथूनच होते.

दुसरा प्रश्न यूव्हीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा, आणि तो जीएसएमपेक्षा महत्त्वाचा. हे कापड पॉलिप्रॉपिलीनचं असतं. उन्हात टिकण्यासाठी त्यात यूव्ही रोधक मिसळावं लागतं. पिशव्या शिवायला वापरतात ते नॉनवोव्हन दिसायला अगदी असंच असतं, पण त्यात ते मिसळलेलं नसतं. असं कापड कोकणच्या उन्हात काही आठवड्यांतच कुरकुरीत होतं आणि बोट लावलं की भुगा होतो. तो प्लास्टिकचा भुगा मग वाडीभर उडतो, आळ्यात मिसळतो आणि वेचून काढता येत नाही. डोळ्यांनी फरक ओळखू येत नाही, म्हणून रोलच्या वेष्टणावर 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड' लिहिलेलं असेल तोच घ्या आणि सुटं कापड घेताना मूळ रोलचं वेष्टण दाखवायला सांगा. चांगलं १७ जीएसएम एक हंगाम नक्की काढतं. रोज जपून उघडझाक केली तर दुसराही.

आता बांधणी. दीड मीटर उंच आणि सव्वा मीटरच्या आत व्यासाच्या सांगाड्यात मावेल असं रोप धरू. चिव्याच्या किंवा माणग्याच्या चार काठ्या रोपापासून हातभर अंतरावर रोवा, रोपापेक्षा वीतभर उंच ठेवा आणि वर सुंभाने एकमेकींना जोडून घ्या. काठीची टोकं तासून गोल करा किंवा वर चिंधी गुंडाळा, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात कापडाला तिथे भोक पडतं. १.२ मीटर व्यासाचा घेर ३.८ मीटर होतो. जोडावर एकावर एक यायला थोडं जास्त धरून ४.२ मीटर लांबी घ्या. उंचीला दीड मीटर, वर पोत्याच्या तोंडासारखं गोळा करून बांधायला ६० सेंटिमीटर आणि खाली जमिनीवर पसरायला ३० सेंटिमीटर, असं २.४ मीटर लागतं. १.६ मीटर रुंदीचं कापड एका पट्टीत पुरत नाही. दोन पट्ट्या एकीवर एक वीतभर चढवून घ्याव्या लागतात, किंवा ३.२ मीटरची रुंदी मिळाली तर एकच तुकडा. मीटरचा दर विचारताना रुंदी विचारायला विसरू नका, कारण दोन दुकानांतल्या दरांची तुलना तिथेच चुकते.

खालचा ३० सेंटिमीटरचा घोळ मातीने किंवा चिऱ्यांच्या तुकड्यांनी दाबायचा. चार कोपऱ्यांत चार दगड ठेवून भागत नाही, मधल्या फटीतून थंड हवा सरळ आत शिरते. पूर्ण घेर दाबा. उघडायच्या बाजूला मात्र माती न घालता एक लांब बांबू कापडात गुंडाळून आडवा ठेवा, म्हणजे सकाळी तेवढाच उचलून वर टाकता येतो.

कापड पानांना टेकू देऊ नका. दव पडलं की पहाटे कापड ओलं होतं, आणि ओलं कापड जिथे पानाला चिकटतं तिथे पानाची ऊब सरळ बाहेर निघून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नेमक्या त्या जागी तपकिरी डाग उमटतो. झावळ्या पसरट असतील तर सुंभाने सैलसर वर बांधून घ्या. आवळू नका, कारण मधल्या कोंबाला हवा लागली पाहिजे.

माडाच्या बाबतीत कोकणातली लावणीची पद्धत इथे फार कामाला येते, आणि ती कुणी या दृष्टीने वापरताना दिसत नाही. आपण माड एक मीटर लांब, रुंद, खोल खड्ड्यात खाली बसवतो आणि पुढच्या काही वर्षांत खड्डा हळूहळू भरत जातो. उघडा खड्डा थंडीत घातक ठरतो, कारण थंड हवा जड असते आणि ती अशाच खोलगट जागी साचते. तोच खड्डा तोंडाशी झाकला तर चारही बाजूंच्या मातीच्या भिंती आणि तळ, अशा पाच बाजूंनी ऊब मिळते. पहिल्या वर्षीच्या रोपाला यासारखा दुसरा आडोसा नाही. खड्ड्याच्या काठावर चार खुंट्या रोवून पानांच्या वर हातभर मांडव धरा, त्यावर तीन मीटर बाय तीन मीटरचा तुकडा टाका आणि कडा चारही बाजूंनी जमिनीला दाबा. एवढ्यात १७ जीएसएमसुद्धा उघड्यावरच्या ३० जीएसएमच्या तोडीचं काम करतं.

पाणी आणि आच्छादन यांबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. थंडीत आळ्यात पालापाचोळा, नारळाची सोडणं, पेंढा जाड पसरावा म्हणजे मुळांना ऊब राहते, असं सांगतात. मुळांपुरतं ते खरं आहे. पण आच्छादनाखालची माती दिवसा तापत नाही आणि रात्री तिची ऊब वरच्या पानांपर्यंत येत नाही. जिथे वर्षातून पाच-दहाच रात्री कडक थंडी पडते, तिथे त्या दिवसांपुरतं आच्छादन रोपापासून दोन हात बाजूला ओढा, दुपारी आळं भिजवा आणि उघड्या ओल्या मातीवर ऊन पडू द्या. ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती वर लवकर पोहोचवते. जांभ्या कातळावरची माती आणि किनाऱ्याजवळची पुळण डिसेंबरपर्यंत कोरडी ठणठणीत होते, त्यामुळे तिथे हे दुपारचं पाणी विशेष महत्त्वाचं. संध्याकाळी उशिरा गार पाणी घालून फायदा नाही, तापायला वेळच मिळत नाही. निफाडचे द्राक्षबागायतदार थंडीच्या लाटेत रात्री विहिरीचं पाणी चालवतात आणि शेकोट्या पेटवतात, पण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा बरंच उबदार असतं. टाकीत गार झालेल्या पाण्याने ते साधत नाही.

जिथे आठवडेच्या आठवडे पारा शून्याच्या खाली राहतो, तिथे याच्या उलट करावं लागतं. तिथे आच्छादन जाड ठेवा आणि हलवू नका, कारण मुळं गोठू न देणं हेच पहिलं काम असतं.

कोकणात या कापडाचा सगळ्यात मोठा धोका थंडीचा नाही, उन्हाचा आहे. रात्री १०-१२ अंश आणि दुपारी ३० च्या वर, हे एकाच दिवसात होतं. झाकलेलं कापड सकाळी तसंच राहिलं तर आतली हवा तापते, दवाचं पाणी वाफाळतं आणि ते कोंबाच्या बेचक्यात उतरतं. नऊपर्यंत एक बाजू उघडा, कापड वाळू द्या, आणि ऊन कलल्यावर, पण माती गार व्हायच्या आत, पुन्हा बंद करा. घरी माणूस नसलेल्या बंगल्यांत, जिथे माळी आठवड्यातून दोनदा येतो, तिथे हे कापड घालू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन अंश वाचवायला जाऊन कोंबकुज ओढवून घेतल्यासारखं होईल.

कारण पामाच्या प्रत्येक खोडाला कोंब एकच असतो. आंब्याची फांदी जळली तर खालून फुटवा येतो. माडाचा शेंडा गेला की माड गेला. कोंबकुजीची फायटोफ्थोरा बुरशी गारवा आणि ओल एकत्र आली की फोफावते, आणि थंडीने दुखावलेला कोंब तिला आयताच मिळतो. तपासायची रीत अशी: न उघडलेलं मधलं पान, म्हणजे सुरळी, दोन बोटांत धरून हलकेच वर ओढा. घट्ट असेल तर सोडून द्या. सरसर वर आली, बुडाशी तपकिरी आणि चिकट असली, कुजका वास आला, तर कोंब सडायला लागला आहे. सडका भाग स्वच्छ कोयत्याने निरोगी पांढऱ्या गाभ्यापर्यंत काढून टाका, जागा कोरडी होऊ द्या आणि १० टक्के बोर्डो मलम लावा. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, हे त्याचं प्रमाण. रोप एखादंच असेल तर १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर पुरे. आजूबाजूच्या रोपांवर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा, म्हणजे १ किलो मोरचूद आणि १ किलो चुन्याला १०० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवा, मग एकत्र करा आणि घासलेला लोखंडी विळा मिश्रणात थोडा वेळ बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला, नाहीतर मोकळं तांबं कोवळी पानं जाळेल. ताजं तयार करून त्याच दिवशी संपवा.

सुरळी घट्ट आहे पण रोप हलत नाही, जिवंत आहे की नाही कळत नाही, अशा वेळी पक्क्या शाईच्या पेनाने सुरळीवर आणि तिला खेटून असलेल्या देठावर एकाच सरळ रेषेत खूण करा. दहा-पंधरा दिवसांनी पाहा. सुरळीवरची खूण देठावरच्या खुणेपेक्षा केसभर जरी वर सरकली असली तरी आत वाढ चालू आहे. घाईने उपटून टाकलेली कितीतरी रोपं या एका खुणेने वाचली असती. अर्धवट करपलेल्या झावळ्याही लगेच छाटू नका. उरलेला हिरवा भाग अन्न तयार करत असतो. ऊन चढू लागेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी संपेपर्यंत, त्या ठेवा.

आता कुठल्या पामाला या कापडाची गरज आहे आणि कुठल्याला त्याचा काही उपयोग नाही ते पाहू. माडाला सरासरी २७ अंशांच्या आसपासचं हवामान मानवतं. १५ अंशांखालच्या रात्री सलग पडल्या की वाढ थांबते, पानं पिवळट-तांबूस होतात, आणि त्याचा परिणाम बोंडगळीच्या रूपाने काही महिन्यांनी दिसतो. तेव्हा लोक खताला किंवा किडीला दोष देतात. शून्याच्या आसपास लहान रोप मरतं. पोफळीची मर्यादा १४ अंशांची मानली जाते, म्हणजे ती माडाइतकीच नाजूक आहे. ही दोन्ही झाडं अशी आहेत की कापड त्यांना चार-दोन वाईट रात्रींतून काढेल, पण दोन महिन्यांच्या गार हंगामातून काढणार नाही. निफाडला, जिथे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर थंडीच्या लाटेत दरवर्षी नीचांकी तापमानाची नोंद होते, तिथे भाट्याहून प्रताप किंवा बाणवली या माडाच्या जाती नेऊन लावल्या, झाकल्या, जपल्या, तरी फळाची आशा फार धरू नये. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राचं रोप उत्तम असतं. चूक रोपाची नसते, जागेची असते.

शोभेच्या पामांपैकी लाल देठाचा सीलिंग वॅक्स पाम सगळ्यात नाजूक. १५ च्या खाली तो कुरकुरतो आणि १० च्या आसपास पानं काळवंडतात. तो दापोलीच्या पठारावर उघड्यावर लावूच नये. अरेका आणि फॉक्सटेल पाच-सात अंशांतही जगतात, पण पानांची शोभा जाते. त्यांच्यासाठी ३० जीएसएम योग्य आहे. चायना पाम, लेडी पाम, वॉशिंग्टोनिया यांना महाराष्ट्रात कुठेही कापड घालायची गरज नाही. हे तिन्ही शून्याखालचे काही अंश सोसतात.

आणि शिंदी. आपल्या माळावर, ओढ्याकाठी आपोआप उगवणारी, रोपवाटिकेत कुणी विचारतही नाही अशी. हिमालयाच्या पायथ्यापर्यंत ती वाढते, हलकं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, सहज सोसते, दुष्काळ सोसते, आणि वाढली की खोडावरच्या देठांच्या खुणांची नक्षी फार देखणी दिसते. घाटावरच्या थंड गावात पाम हवाच असेल तर कापडावरचे पैसे वाचवून शिंदी लावा. महाबळेश्वरसारख्या दमट-थंड ठिकाणी भेरली माडही चांगला. तो सह्याद्रीतलाच आहे. फक्त तो एकदाच फुलोऱ्यावर येतो, वरून खाली फुलत जातो आणि मग वाळतो, हे लावताना माहीत असलेलं बरं.

थंड देशांत अंगणात दिसणारा पाम बहुधा विंडमिल पाम, म्हणजे ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय असतो. रॉबर्ट फॉर्च्यूनने तो १८४९ मध्ये चीनमधून इंग्लंडला पाठवला, म्हणून ते नाव. मोठं झाड उणे १० च्याही खाली तग धरतं. स्वित्झर्लंडच्या दक्षिण भागात तर तो जंगलात इतका पसरला की १ सप्टेंबर २०२४ पासून तिथे त्याच्या विक्रीवर बंदी आली. त्याचाच एक भाऊबंद ट्रॅकिकार्पस ताकिल आपल्या कुमाऊँमध्ये पिथौरागडकडच्या डोंगरांत मूळचा आहे. परदेशातल्या नातेवाइकांसाठी विंडमिल पामाबद्दल विचारणा होते, म्हणून सांगतो. त्याला कापडापेक्षा शेंड्यावर छप्पर जास्त उपयोगी पडतं. बर्फाळ पावसाचं पाणी शेंड्यात साचून गोठतं, आणि त्यानेच तो मरतो. बाजू उघड्या ठेवून वर छत्रीसारखा पत्रा किंवा प्लास्टिक पुरतं. नाजूक जातींना तिथे ५० जीएसएमचे दोन थर, आत उष्णता देणारी वायर आणि ती २ अंशांच्या आसपास सुरू होऊन ७ अंशांना बंद करणारं थर्मोस्टॅट सॉकेट, असा थाट लागतो. जुन्या तारेच्या पिवळ्या दिव्यांची माळही चालते. एलईडीची नाही, तिला ऊबच नसते. पण विंडमिल पाम कोकणात आणून लावायचा मोह टाळा. जो पाम गारठ्यात सुखी असतो त्याला आपला दमट उन्हाळा सोसत नाही.

उलट बाजूनेही हेच लागू आहे. अलिबाग-मुरुडच्या सावलीच्या जाळीखाली वाढवलेलं रोप नोव्हेंबरात गाडीत घालून घाटावर नेलं तर त्याला कुठलंच कापड पुरत नाही. रोप जूनच्या सुरुवातीला न्या, म्हणजे थंडीपूर्वी मुळं धरायला सहा महिने मिळतात. माडाचं रोप १० ते १२ महिन्यांचं, सहा-आठ पानांचं, बुंध्याशी १० ते १२ सेंटिमीटर घेराचं निवडा. उंच पण बारीक बुंध्याचं रोप थंडीत आधी जातं. ऑक्टोबरनंतर युरिया देऊ नका. त्याने कोवळी, पाणीदार पालवी फुटते आणि पहिल्या गारठ्यात तीच करपते. पालाश मात्र ऑक्टोबरात अवश्य द्या. एक जपून सांगायचं, पालाशच्या कमतरतेनेही जुन्या झावळ्यांवर नारिंगी ठिपके येतात आणि टोकं करपतात. ठिपके फक्त खालच्या, जुन्या पानांवर असतील तर थंडीला दोष देऊ नका.

या कापडाच्या जागी लोक आणखी काय वापरतात? पारदर्शक प्लास्टिक सगळ्यात वाईट. जमिनीची ऊब त्यातून बऱ्याच अंशी आरपार जाते, पाण्याचे थेंब शेंड्यावर ठिबकतात आणि सकाळी दोन तास उशीर झाला तर रोप शिजतं. गोणपाट कोरडं असताना क्रॉप कव्हरपेक्षा उबदार, पण दवाने जड होऊन वाकतं आणि दिवसा काढलंच पाहिजे. शेडनेट थोडा आडोसा देतं, थंडीसाठी मुद्दाम घेण्याइतका नाही. आणि आपला झापांचा, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचा, मांडव. विणलेली झापं तिरकी उभी करून वर एक आडवं टाकलं की निरभ्र आकाशाकडे जाणारी ऊब बरीचशी अडते, दुपारचं ऊनही अडतं आणि खर्च शून्य. समुद्रापासून एक-दोन किलोमीटरच्या आत, खलाटीत, रोपांना याहून जास्त काही लागत नाही. तिथे लागता माड तर काहीच मागत नाही.

वलाटीत मात्र जागा पाहून ठरवा. रात्री मतलई वारा सुटला की घाटाकडची थंड हवा खोऱ्यांतून खाली सरकते आणि नदीकाठच्या सखल तुकड्यात, बांधाच्या किंवा दगडी गडग्याच्या वरच्या अंगाला तुंबून राहते. एकाच गावात टेकडीच्या उतारावरचं रोप हिरवंगार आणि खालच्या मळ्यातलं करपलेलं, असं त्यामुळेच दिसतं. जी थंडी हापूसला मोहोर आणते म्हणून आपण सुखावतो, तीच या सखल जागेतल्या पोफळीला नडते. गडग्यात खालच्या अंगाला हातभर फट ठेवली तर थंड हवा वाहून जाते. या फटीला पैसे पडत नाहीत, आणि कापडाइतकाच फरक ती करते.

बातम्यांतल्या तापमानावर जाऊ नका. वेधशाळेचा तापमापक पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर असतो. शांत रात्री जमिनीलगत त्याहून काही अंश कमी असतं. केंद्रावर ४ अंश म्हणजे गवतावर दहिवर, हे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दिसतंच. तार आणि सेन्सर असलेले, किमान-कमाल नोंद ठेवणारे दोन साधे डिजिटल तापमापक घ्या. एक कापडाच्या आत रोपाच्या शेंड्याजवळ, एक बाहेर त्याच उंचीवर. सलग तीन निरभ्र रात्री आतलं-बाहेरचं अंतर एका अंशापेक्षा कमी आलं तर कापड बदलू नका, बांधणी बदला. बहुतेक वेळा खालच्या घोळात फट सापडते.

गुण द्यायचे तर जागेप्रमाणे द्यावे लागतील. खलाटीत १७ जीएसएमला पाचपैकी दोन, कारण तिथे झापं पुरतात. दापोलीचं पठार आणि वलाटी इथे, खड्ड्यातल्या माडाच्या रोपावर, चार. त्याच भागात शोभेच्या नाजूक पामांवर ३० जीएसएमला चार, १७ ला तीन. घाटमाथ्यावर किंवा निफाडकडे लावलेल्या माडावर कुठल्याही जीएसएमला एक. नाडीवाल्या बॅगेला सगळीकडे एक.

फेब्रुवारीच्या मध्याला कापड काढा. चिकटलेली माती नुसत्या पाण्याने खळबळून धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घातली तर काळे डाग पडतात आणि घडीवरच कापड विरतं. माळ्यावर तसंच ठेवलं तर उंदीर त्यात घर करतात, म्हणून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि डब्यावर घेतल्याचं वर्ष खडूने लिहून ठेवा. पुढच्या डिसेंबरात वापरण्याआधी एक कोपरा दोन्ही हातांनी ताणून पाहा. टरकन फाटला तर ते रोपावर घालू नका.